जीपगाडीचे पाटे : कोणती सुधारणा करावी व कोणती करूं नये

बैलगाडीस पाटे नसतात, म्हणूनच ती सावकाश हांकावी लागते. चाक दगडावर चढलें कीं त्याचा धक्का आंसास, आंसाचा साट्यास आणि साट्याचा आंत बसलेल्या माणसाच्या मणक्यास जसाच्या तसा पोंचतो. वाटेंत त्यास अडविणारें कांहींच नसतें. टांग्यास पोलादी पाटे बसविले गेले तेव्हां घोडा दुडक्या चालीनें पळवितां येऊं लागला. जीपगाडीच्या पाट्यांचें कार्य मुळांत तेंच आहे. फरक इतकाच कीं, टांग्यांत ठराविक माणसें बसत, आणि आपल्या जीपगाडींत केव्हां एकटा धनी बसतो, तर केव्हां धनी, तीन गडी, खताचीं आठ पोतीं व फवारणीचा पंप इतका ऐवज एकाच वेळीं चढतो. पाटा एकच, आणि ओझें मात्र जातांना एक व येतांना दुसरें, अशी ही अडचण आहे. ती नीट न ओळखतां केलेली सुधारणा नुकसानीस कारण होते, असें आम्हीं आमच्या तालुक्यांत वारंवार पाहिलें आहे.

एका टोमॅटो बागाईतदाराचें उदाहरण सांगतों. क्रेट भरले म्हणजे त्यांची गाडी मागें बसे व चाकें मडगार्डास घासत. त्यांनीं मागील दोन्ही पाट्यांत दोन दोन जाड पानें वाढवून घेतलीं. गाडी बसावयाची थांबली व गृहस्थ संतुष्ट झाले. परंतु बाजारांतून रिकामी परततांना गाडीची पाठ ओंडक्याप्रमाणें आपटूं लागली. पहिल्याच पावसाळ्यांत कालव्याच्या उतारावर मागचीं चाकें उसळून जमिनीवरून सुटलीं, गाडी आडवी होऊन चारींत उतरली व मागें उभ्या असलेल्या गड्याच्या खुब्याचें हाड मोडलें. गाडी दुरुस्तीस नेली तेव्हां पाटा चासीस जेथें टांगलेला असतो तेथें चासीस बोटभर तडा गेलेला आढळला. गड्याचें औषधपाणी, चासीचें जोडकाम व बुडालेले तोडे यांचा खर्च त्या चार पानांच्या किंमतीच्या कितीतरी पट झाला. गडी अद्याप लंगडत चालतो, ती रक्कम कोणत्याच वहींत मांडतां येत नाहीं.

यांत कारागिराचा दोष नव्हता. त्यास जें सांगितलें तें त्यानें चोख केलें. दोष सांगण्यांत होता, आणि तो कां, हें समजण्यास प्रथम गाडीच्या खालीं वांकून पाहिलें पाहिजे.

जीपगाडी ही मूळची लष्करी गाडी. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं ती लाखांनीं बांधली. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या आपल्याकडेही विकल्या गेल्या, आणि पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईस त्याच घडणीच्या गाड्या बांधण्यास आरंभ केला. त्या गाड्यांस पुढें व मागें अखंड आंस आणि चार चाकांशीं चार पाटे असत. अशा जुन्या गाड्या अद्याप पुष्कळ शेतांवर चालतात. २००० सालीं आलेल्या बोलेरोस पुढें गुंडाळीच्या स्प्रिंगा व मागें पाटे आहेत. २०१० च्या थार गाडीस पुढें पीळ खाणारा पोलादी दांडा व मागें पाटे. आणि २०२० च्या थारला चारही ठिकाणीं गुंडाळीच्या स्प्रिंगा. आम्ही येथें मुख्यतः पाट्यांविषयींच लिहीत आहों, कारण शेतमाल वाहणाऱ्या बहुतेक गाड्या मागल्या बाजूस तरी पाट्यांवरच उभ्या असतात. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांपैकीं प्रत्येकीस आम्ही पान म्हणूं व सर्व पानें मिळून झालेल्या जुडग्यास पाटा म्हणूं, म्हणजे घोटाळा होणार नाहीं.

पाटा व शॉकअप हीं दोन निरनिराळीं कामें करितात, हें प्रथम मनांत पक्कें केलें पाहिजे. पाटा भार झेलतो. वांकतांना तो धक्क्याची शक्ति सांठवितो व सरळ होतांना ती परत देतो. ही परत आलेली शक्ति कोणी खाऊन टाकिली नाहीं, तर गाडी झोपाळ्याप्रमाणें हालत राहील. खाण्याचें हें काम थोडेंसें पानांच्या आपसांतील घर्षणानें होतें व बाकीचें शॉकअप करितो. त्याच्या नळकांड्यांत तेल असतें व दट्ट्यास बारीक छिद्रें असतात. चाक वर-खालीं झालें कीं तेल त्या छिद्रांतून बळेंच ढकललें जातें, आणि हालचालीची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावरून दोन-चार मैल गाडी आणल्यावर चारही शॉकअपांस जपून हात लावावा. तीन गरम व एक थंड असेल, तर जो थंड तो मेलेला समजावा. नळीवरून तेल ओघळलेलें दिसलें तरी तोच अर्थ. पण शॉकअप ओझें उचलीत नाहीं. गाडी भाराखालीं बसते म्हणून नवे शॉकअप घालणें हें घर गळतें म्हणून दार बदलण्यासारखें आहे. उलट गाडी उड्या मारते म्हणून पाट्यांत पानें वाढविणें हें त्याहूनही वाईट, कारण त्यानें उड्या वाढतातच.

उड्या कां वाढतात, याचा हिशेब सोपा आहे. गाडीचें अंग पाट्यावर जितकें दबून बसतें, त्यावर तिचीं आंदोलनें अवलंबून असतात. १६ सेंटिमीटर दबलेली गाडी मिनिटास सुमारें ७५ वेळां वर-खालीं होते. ४ सेंटिमीटरच दबलेली गाडी सुमारें १५० वेळां. पहिली चाल अंगास मानवते, दुसरी आदळते. बसलेल्या माणसाच्या कण्यास सर्वांत जाचक होणारीं आंदोलनें सेकंदास ४ ते ८ इतकीं असतात, आणि ताठ पाटा, फुगलेला टायर व पातळ गादी हीं तिन्ही मिळून गाडीस त्याच दिशेनें नेतात. रोज शेतावर जीप चालविणाऱ्या माणसाची कंबर चाळिशींतच धरते, याचें मूळ पुष्कळदां येथें असतें. टोमॅटो, द्राक्षें व अंडीं यांस कंबर नसली तरी दुखापत तीच होते, व ती आडत्याच्या फळीवर उघडी पडते.

आतां पानें वाढविल्यानें पाटा किती कडक होतो तें पाहूं. येथें बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण कडकपणा पानाच्या जाडीच्या प्रमाणांत न वाढतां जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. समजा, पाट्यास ६ मिलिमीटर जाडीचीं ७ पानें आहेत. त्यांत ६ मिलिमीटरचेंच आठवें पान घातलें, तर कडकपणा सातास एक, म्हणजे शेंकडा सुमारें १४ वाढला. पण कारागिराकडे ८ मिलिमीटरचें पान पडून होतें व तेंच बसविलें, तर काय होईल? ८ चा घन ५१२ आणि ६ चा घन २१६. म्हणजे तें एक पान मूळच्या २.३७ पानांची बरोबरी करितें, आणि कडकपणा शेंकडा ३४ नें वाढतो. अशीं दोन पानें घातलीं तर शेंकडा ६८. वर सांगितलेल्या बागाईतदाराच्या गाडीस असेंच कांहींसें झालें. पाहणारास दोनच पानें दिसतात. चासीस मात्र तीं जवळजवळ पांच पानांएवढीं लागतात. म्हणून पान वाढविणेंच असेल तर जाडी मोजून, मूळच्या पानांच्या जाडीचेंच घालण्यास सांगावें, आणि तेंही प्रत्येक बाजूस एकाहून अधिक नको.

दुसरा एक गैरसमज याहूनही जुना आहे. पाट्याची कमान चढविली, म्हणजे त्यास अधिक बांक दिला, कीं तो बळकट झाला असें लोक समजतात. कमान चढविल्यानें गाडी उंच होते, इतकेंच. तीच पानें, तीच जाडी व तीच लांबी असल्यानें शंभर किलो ओझ्यानें ती पूर्वी जितकी दबत होती तितकीच आतांही दबेल. फक्त वरून दबावयास आरंभ करील. कांहीं ठिकाणीं पान भट्टींत लाल करून ठोकून वांकवितात व तसेंच थंड होऊं देतात. हें तर पोलादाचा जीव घेणें होय. पाट्याचें पोलाद बहुधा सिलिकॉन व मँगनीज मिश्रित असतें. तें तापवून तेलांत विझवावें लागतें आणि मग पुन्हां बऱ्याच कमी उष्णतेवर बेतानें तापवावें लागतें, तेव्हां त्यांत कडकपणा व लवचिकपणा हे दोन्ही गुण राहतात. विळ्याकोयत्यास पाणी देणें ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें सांगणें नको. पाणी उतरलेलें पान कांहीं महिन्यांत पुन्हां सपाट होतें. आणि तेलांत विझवून पुढचें तापविणें राहिलें तर तें ठिसूळ होऊन भर रस्त्यांत तुटतें. पाटा बसला असल्यास व कारागिराकडे पाणी देण्याची योग्य सोय नसल्यास, आमचें मत असें कीं, त्याच गाडीचा त्याच मापाचा नवा पाटा घ्यावा.

परंतु पाटा बसला आहे हें तरी कशावरून? सपाट फरशीवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंत फितीनें अंतर मोजावें व लिहून ठेवावें. प्रथम रिकामी गाडी मोजावी, मग नेहमीचें ओझें भरून मोजावी. नेहमीचें ओझें म्हणजे वर्षांतून एकदां लग्नसराईंत भरलेलें वऱ्हाड नव्हे. डावी व उजवी बाजू यांत दोन सेंटिमीटरांहून अधिक फरक पडला, तर एक पाटा थकला आहे. बहुधा तो चालकाच्या बाजूचा असतो. नेहमीच्या ओझ्याखालीं साधा पाटा सपाट होणें हें स्वाभाविक आहे. पण तो उलट्या दिशेनें वांकत असेल, तर पाटा तरी कमजोर झाला आहे किंवा ओझें तरी बेसुमार आहे. मग दोरी घेऊन एका बाजूच्या पुढील चाकाच्या मध्यापासून मागील चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर मोजावें व दुसऱ्या बाजूशीं ताडून पाहावें. तें सारखें नसेल, तर सेंटर बोल्ट तुटून आंस जागचा सरकलेला असण्याचा संभव आहे. अशी गाडी मागून पाहिल्यास खेंकड्याप्रमाणें तिरकी चालतांना दिसते.

त्यानंतर पहारीनें पाट्याचे डोळे व शॅकल हालवून पाहावे. रबरी बुश झिजले असल्यास खडखड ऐकूं येते. आमच्या पाहण्यांत असें आहे कीं, ‘सस्पेन्शन वाढवून द्या’ म्हणून गॅरेजांत आलेल्या बऱ्याचशा गाड्यांस नवीन कांहीं घालण्याची गरजच नसते. झिजलेले बुश, मेलेले शॉकअप आणि ढिले यू-बोल्ट एवढें बदललें व कसलें, कीं गाडी पुनः पहिल्यासारखी चालूं लागते. यांत झगझगीत असें कांहीं नसतें, म्हणून ना गिऱ्हाइकास समाधान वाटतें, ना दुकानदारास. येथेंच एका चालीचा उल्लेख केला पाहिजे. पावसाळ्यापूर्वीं इंजिनांतून काढलेलें काळें तेल पाट्यांवर ओतण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. जुन्या गाड्यांच्या धातूच्या बुशांस वंगण लागत असे, तेथपर्यंत ती ठीक होती. रबरी बुशांवर तें तेल उतरलें म्हणजे रबर फुगतें व कुजतें. शिवाय तेलास धूळ धरते व पानांमध्यें तिचा लुकणासारखा लगदा होतो.

इतकें करूनही गाडी नेहमीच्या ओझ्यानें बसतच असेल, तर सुधारणेचा खरा प्रश्न उत्पन्न होतो. शेतकऱ्याची गाडी एकीकडे भरून जाते व दुसरीकडे रिकामी येते. म्हणून त्यास एकाच कडकपणाचा पाटा कधींच पुरा पडणार नाहीं. यावर जुना व चांगला उपाय म्हणजे हेल्पर पाटा. मुख्य पाटा मऊच ठेवावयाचा व त्याशीं दुसरा आंखूड, ताठ पाटा अशा रीतीनें जोडावयाचा कीं, गाडी रिकामी असतां तो मोकळा राहावा आणि ओझ्यानें गाडी कांहीं सेंटिमीटर दबली म्हणजेच टेकूं लागावा. मालमोटारींच्या मागल्या बाजूस हा नेहमी दिसतो. तो केव्हां टेकतो यावर सगळें यश अवलंबून आहे. रिकाम्या गाडींतच तो टेकलेला असेल, तर पानें वाढविल्याचाच परिणाम होतो. म्हणून वर सांगितलेलीं मापें कारागिराच्या हातांत द्यावीं व अर्ध्या ओझ्याच्या सुमारास टेकेल असा बसवून घ्यावा.

दुसरा प्रकार पॅराबोलिक पाट्यांचा. यांत पानें थोडीं, दोन किंवा तीन, पण प्रत्येक पान मध्यें जाड व टोंकांकडे पातळ होत गेलेलें असतें. पानें फक्त मध्यें व टोंकांस एकमेकांस टेकतात. त्यामुळें घर्षण कमी, वजन कमी, आणि लहान खांचखळग्यांवरही पाटा हालतो. जुना अनेक पानी पाटा गंजला म्हणजे पानें एकमेकांस धरून बसतात व बारीक धक्क्यांस तो जणूं लाकडाचा होतो; तो दोष येथें बराचसा टळतो. मात्र घर्षण कमी झाल्यामुळें तें काम शॉकअपवर येऊन पडतें. पॅराबोलिक पाटे व थकलेले शॉकअप ही जोडी करूं नये. आमच्या मतें ज्याचें ओझें माफक आहे व रस्ता वाईट आहे, त्यानें हा मार्ग धरावा. ज्याचें ओझें मोठें व रस्ता बरा आहे, त्यास हेल्पर पाटा स्वस्त व सोईचा.

शॉकअप घेतांना नायट्रोजन वायु भरलेले मिळतात, ते खडबडीत रस्त्यावर उपयोगी पडतात. साध्या शॉकअपांत सतत घुसळणीनें तेलास फेंस येतो, व फेंसास छिद्रांतून जातांना विरोध होत नाहीं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळीं शॉकअप निकामी होतो. वायूच्या दाबानें फेंस धरत नाहीं. लांबी मात्र मूळच्या मापाचीच हवी.

येथवर ओझ्याचा विचार झाला. चिखल व दगडधोंडे यांचा विचार निराळा आहे, आणि त्यांत ताठपणा हा गुण नसून दोष आहे. काळ्या जमिनींतील पाणंदींत पावसाळ्यांत चाकोऱ्या पडतात व कार्तिकांत त्या विटेसारख्या कठीण होतात. एक चाक चाकोरींत व एक बांधावर अशी गाडी तिरपी होते. पाटे मऊ असले तर खालचें चाक खालीं लोंबतें व वरचें वर दबतें, चारही चाकांचा जमिनीशीं संबंध राहतो. पाटे ताठ असले तर एक चाक अधांतरीं उचललें जातें. आणि साध्या डिफरन्शियलचा धर्मच असा कीं, एक चाक मोकळें सुटलें म्हणजे तें नुसतें गरगर फिरतें व दुसऱ्या चाकास जोर मिळत नाहीं. ताठ पाट्यांची जीप चिखलांत रुतते त्याचें हें एक मोठें कारण. चाकांतील हवा थोडी कमी करून पाणंद ओलांडणें हा येथें बिनखर्चाचा उपाय आहे. डांबरी सडकेवर येतांच ती पुन्हां भरलीच पाहिजे, नाहींतर टायर तापून फुटतो.

पाणंदीचा विषय निघाला आहे म्हणून थोडें विषयांतर करतों. आम्हीं महसूल खात्यांत असतां पुष्कळ गांवनकाशे हाताळले आहेत. दुहेरी तुटक रेषेनें दाखविलेला गाडीरस्ता प्रत्यक्षांत जाऊन पाहावा तों दोहों बाजूंच्या बांधांनीं तो निम्मा खाल्लेला. ज्या ठिकाणीं जीप तिरपी होऊन पाटे मोडतात, तेथें दोष पाट्यांचा नसून नांगराच्या तासाचा असतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खालीं तहसीलदाराकडे दाद मागतां येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांचे आंत. शेतास रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खालीं बांधावरून रस्ता मागतां येतो. चार शेतकऱ्यांनीं मिळून मुरमाच्या दहा खेपा टाकिल्या, तर चार जीपगाड्यांचे पाटे वांचतात. हा हिशेब कोणी मांडून पाहात नाहीं. असो.

हल्लीं तरुण मंडळींत गाडी उंच करण्याची मोठी हौस आहे. लांब शॅकल, पाटा व आंस यांमध्यें ठोकळे, किंवा अधिक कमानीचे पाटे घालून चार-चार इंच गाडी उचलतात. कारण विचारलें तर पोट दगडास लागतें असें सांगतात. पण दगडास प्रथम लागतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो तर आंसावरच असतो. पाटे कितीही उंच केले तरी अखंड आंसाच्या गाडींत तो तसूभरही वर येत नाहीं. तो येतो फक्त मोठ्या चाकांनीं. मग उंचीपासून मिळालें काय? धरून चाला कीं, दोन चाकांमधील अंतर १२० सेंटिमीटर व भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरांवर आहे. अशी गाडी उभ्या उभ्या कलंडण्यास सुमारें ४१ अंशांचा आडवा उतार लागतो. गाडी १० सेंटिमीटर उंच केली कीं तोच आंकडा ३७ वर येतो. वळणावर, पाणी हिंदकळणारी टाकी मागें असतां, किंवा एक चाक खड्ड्यांत गेलें असतां, गाडी याच्या पुष्कळ आधीं कलंडते. बांधाच्या कडेनें गाडी चालविणारानें हे चार अंश हौसेखातर देऊन टाकावे काय?

आणखीही गोष्टी बिघडतात. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लौकर झिजतात. लांब शॅकलनें पुढचा आंस किंचित् फिरतो व स्टिअरिंग सरळ रेषेंत राहीनासें होतें. मूळचे शॉकअप आंखूड पडतात. खड्ड्यांत चाक लोंबलें कीं आंसाचें सगळें वजन त्यांच्याच टोंकांस लटकतें व ते उपटून येतात. ब्रेकचा रबरी नळ ताणला जातो, आणि तो तुटला म्हणजे काय होतें हें सांगावयास नको. कांहीं गाड्यांस मागील आंसाशीं जोडलेली एक झडप असते. गाडी ओझ्यानें दबली कीं ती मागील चाकांस अधिक ब्रेक देते. गाडी उंच केली किंवा पाटे अति ताठ केले, तर भरलेली गाडीही त्या झडपेस रिकामी भासते व ब्रेक कमी मिळतो. ज्यांच्या गाडीस पुढें गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत, त्यांनीं तर स्प्रिंगेखालीं ठोकळे घालण्याच्या भरीस मुळींच पडूं नये. तेथील सांध्यांचे कोन फार बारकाईनें ठरविलेले असतात.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणी प्रमाणपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें केरळांतील एका प्रकरणांत हेंच उचलून धरलें. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. आणि मालाच्या वाहनांत ठरलेल्या वजनाहून अधिक ओझें भरल्यास २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनामागें २,००० रुपये असा दंड ठरविला. झिजलेल्या पाट्याच्या जागीं त्याच मापाचा पाटा घालणें ही दुरुस्ती होय, फेरफार नव्हे. त्यापलीकडे कांहीं करावयाचें असल्यास आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें व उत्तर लेखी घ्यावें. पाटे बळकट केल्यानें प्रमाणपत्रावर छापलेलें एकूण वजन एक किलोनेंही वाढत नाहीं, कारण तें वजन केवळ पाट्यांवर ठरलेलें नसतें. ब्रेक, टायर, बेअरिंग, आंस व चासी या सर्वांवर तें ठरलेलें असतें. वाढलेला पाटा तेवढा तग धरतो, आणि ओझें पुढच्या कमजोर भागाकडे ढकलतो. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस प्रथम गाडीखालींच वांकून पाहतो.

काम करून घेतांना पाटे नेहमी जोडीनें बदलावे. एक नवा व एक जुना अशी गाडी एका अंगावर झुकते. सेंटर बोल्ट व यू-बोल्ट नवेच घ्यावे, जुने पुनः वापरूं नयेत. रबरी बुशांचे बोल्ट, गाडी जॅकवर लोंबत असतां, आवळूं देऊं नयेत. चाकें जमिनीवर टेकून गाडी आपल्या वजनानें बसली म्हणजे मगच ते पक्के करावे. नाहींतर रबर कायमचें पिळलेल्या स्थितींत राहतें व सहा महिन्यांत फाटतें. कारागीर घाईंत असला म्हणजे नेमकी हीच गोष्ट टाळतो, सबब आपण तेथें उभें राहावें. नवीं पानें पहिल्या कांहीं दिवसांत एकमेकांवर बसून घेतात व यू-बोल्ट आपोआप ढिले पडतात. म्हणून चार-पांचशें किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हां एकदां आवळून घ्यावे, व त्याच वेळीं चारही चाकांची मापें घेऊन पूर्वीच्या मापांखालीं तारखेसह लिहून ठेवावीं.